लिबर्टी डॉलर : सरकारने जप्त केलेली चांदी नक्की कुणाची होती?

नाणेवेडा (धागाकर्ता)

मंडळी, परवा नाण्यांच्या धाग्यावर खाजगी टांकसाळींचा विषय निघाला आणि कुणीतरी लिबर्टी डॉलरचं नाव काढलं. तिथे ते अवांतर झालं असतं म्हणून हा वेगळा धागा काढतोय. लांबण लागेल पण विषयच तसा आहे.

१४ नोव्हेंबर २००७ ला अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या इव्हान्सव्हिल गावी एका ऑफिसवर एफबीआय आणि सिक्रेट सर्व्हिसची धाड पडली. (सिक्रेट सर्व्हिस म्हणजे राष्ट्राध्यक्षांचे अंगरक्षक एवढंच आपल्याला माहीत असतं, पण ते खातं १८६५ मध्ये काढलं ते खोट्या नोटा पकडायलाच.) तिकडे आयडाहो राज्यात कॉर डलेन गावी सनशाइन मिंट नावाची खाजगी टांकसाळ आहे, तिथलाही माल उचलला. चांदी, सोनं, प्लॅटिनम, जवळजवळ दोन टन भरतील एवढी बहुतेक तांब्याची नाणी, कॉम्प्युटर, कागदपत्रं, सगळं. बँकेतली खाती गोठवली.

आता हे लिबर्टी डॉलर काय होतं ते सांगतो. बर्नार्ड व्हॉन नॉटहाउस नावाचा माणूस, हवाईमध्ये एक खाजगी टांकसाळ काढलेला. त्याचं म्हणणं असं की फेडरल रिझर्व्ह (अमेरिकेची मध्यवर्ती बँक) वाटेल तेवढ्या नोटा छापतं, १९७१ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सनने सोन्याशी असलेला डॉलरचा शेवटचा धागाही तोडला, त्यामुळे सामान्य माणसाची बचत आतून पोखरली जातेय आणि त्याला ते कळतही नाही. मग उपाय काय तर लोकांनी स्वतःचं चांदीचं चलन वापरायचं. १९९८ मध्ये त्याने ते सुरू केलं, संघटना काढली नॉरफेड, जिच्या पूर्ण नावातच फेडरल रिझर्व्ह आणि इन्कम टॅक्सचा कायदा दोन्ही रद्द करा अशी मागणी होती.

नाणं एक ट्रॉय औंसाचं, म्हणजे ३१.१ ग्रॅम, ९९९ ची (९९.९ टक्के शुद्ध) चांदी. एका बाजूला लिबर्टीचा चेहरा, दुसऱ्या बाजूला मशाल, त्यावर यूएसए, ट्रस्ट इन गॉड, डॉलरचं चिन्ह आणि आकडा, आणि सोबत फोन नंबर नि वेबसाइटचा पत्ता. आकडा सुरुवातीला १० होता, चांदी चढल्यावर २००५ च्या शेवटी २० केला. ज्यांना नाणी जवळ बाळगायची नव्हती त्यांना कागदी पावती मिळायची, म्हणजे तुमची एवढी औंस चांदी आयडाहोच्या तिजोरीत ठेवलेली आहे, पावती दाखवा आणि घेऊन जा. डिजिटल खातंही होतं.

आता माझा मुद्दा. नॉटहाउसला पुढे कोर्टात दोषी ठरवलं, ते बरोबर की चूक यावर वाद होऊ शकतो. पण धाडीत जी चांदी गेली त्यातली बरीचशी त्याची नव्हतीच. ती पावतीवाल्या लोकांची होती, निवृत्त माणसं, छोटे दुकानदार, ज्यांनी आपले पैसे देऊन चांदी घेतली आणि फक्त ठेवायला दिली होती. या लोकांवर कसलाही आरोप नव्हता तरी त्यांचा माल सरकारच्या गोदामात गेला, आणि हेच मला पटत नाही, कितीही वेळा वाचलं तरी पटत नाही. तुमचं काय मत?

अनघा_क

छान धागा, वाचनखूण साठवली. एक बेसिक शंका. आपण धनत्रयोदशीला सराफाकडून लक्ष्मीचं चांदीचं नाणं आणतो, तेही खाजगी टांकसाळीतच पाडलेलं असतं ना? मग त्याला कोणी काही म्हणत नाही आणि यांच्यावर धाड? फरक काय?

सराफकट्टा

अनघाताई, फरक त्या आकड्यात आहे. आमच्या दुकानात तीन पिढ्या चांदी विकली जातेय म्हणून सांगतो. लक्ष्मीच्या नाण्यावर काय असतं? १० ग्रॅम, ९९९. बस. त्यावर पाचशे रुपये असं कोणी छापत नाही. तुम्ही ते घेताना आजचा भाव अधिक घडणावळ देता, मोडायला आणलंत तर मी काट्यावर टाकतो, कस बघतो, आजच्या भावाने पैसे देतो, घट किती धरली तेही तुम्हाला दिसतं. सगळा व्यवहार वजनावर. त्या नाण्याने कोणी भाजी आणायला जात नाही.

लिबर्टी डॉलरवर १० डॉलर छापलं तेव्हा चांदी औंसाला साधारण ५ डॉलर होती. म्हणजे निम्म्या किमतीची चांदी आणि दुप्पट आकडा. २००५ च्या शेवटी २० छापलं तेव्हा भाव ८ च्या आसपास. परत तेच! आणि धंद्याची रचना बघा. जे सभासद व्हायचे त्यांना नाणी छापील किमतीपेक्षा कमी भावात मिळायची, मग त्यांनी ती दुकानात जाऊन पूर्ण छापील किमतीला खपवायची, मधला फरक खिशात. पुढे सभासद आणले तर त्याचे वेगळे. ते लोक शिकवायचे काय, तर काउंटरवरच्या पोराच्या हातात ते जड नाणं ठेवा, त्याला वजन जाणवू द्या, गार लागू द्या आणि मग विचारा, चांदी चालेल का? ते पोरगं बिचारं तासावर राबणारं, त्याला वाटतं काहीतरी भारी आहे. संध्याकाळी गल्ला बँकेत गेला की बँक म्हणते हे आम्ही घेत नाही. मग मालक कोणाच्या पगारातून कापणार?

चांदी खरी होती, याबद्दल दुमत नाही. टंच चोख. पण ज्याच्या हातात ते शेवटी राहिलं त्याने २० डॉलरचा माल दिला आणि ८-९ डॉलरची चांदी घेतली. आमच्या धंद्यात याला सरळ फसवणूक म्हणतात.

नाणेवेडा

सराफकट्टा, तुमचा मुद्दा वजनदार आहे आणि मी तो नाकारत नाही. नॉटहाउसचं यावर उत्तर असायचं की टांकणावळ, साठवण, प्रचार यांचा खर्च त्या फरकात आहे, आणि चांदी ठरावीक पातळीच्या वर टिकली की जुनी नाणी आणून द्या, थोडी फी घेऊन नवीन मोठ्या आकड्याची पाडून देऊ, म्हणजे महागाईचा फायदा धारकाला. शिवाय सरकारी नोटेत तर कागदाशिवाय काहीच नाही असंही तो म्हणायचा. पण दुकानातल्या मुलाला हे गणित कोणी समजावत नव्हतं, हे मान्य.

मात्र मी बोलतोय ते पावतीवाल्यांबद्दल. त्यांनी दुकानात काही खपवलं नव्हतं. तुमच्याच धंद्यातलं उदाहरण घ्या, समजा एखाद्या सराफावर केस झाली आणि त्याच्या तिजोरीत पन्नास गिऱ्हाइकांचे दागिने दुरुस्तीला आलेले आहेत, प्रत्येकाकडे पावती आहे, तर ते दागिने सराफाचे धरायचे का?

सराफकट्टा

नाही, ते गिऱ्हाइकाचेच. त्यात वाद नाही. पण पोलिस आधी सगळं सील करतात आणि मग कोणाचं काय ते कोर्ट ठरवतं, हेही तितकंच खरं. आणि सुटेपर्यंत किती वर्षं जातात ते विचारू नका.

दिवाणी_फौजदारी

वकिली करतो म्हणून कायद्याची बाजू मांडतो, जरा रूक्ष आहे पण महत्त्वाची आहे.

नॉटहाउसवर मुख्य दोन कलमं होती, अमेरिकन दंडसंहितेचं ४८५ आणि ४८६, आणि त्यांच्याच आधारे कटाचा आरोप. ४८५ म्हणजे सरकारी नाण्यासारखं दिसणारं नाणं पाडणं, शिक्षा १५ वर्षांपर्यंत. ४८६ त्याहून वेगळं आहे आणि खरी गंमत तिथे आहे. ते म्हणतं की सोनं, चांदी किंवा कुठल्याही धातूचं नाणं चलन म्हणून वापरण्याच्या हेतूने पाडलं किंवा चालवलं तर गुन्हा, मग ते सरकारी नाण्यासारखं दिसो की स्वतःच्या वेगळ्या डिझाइनचं असो. ५ वर्षांपर्यंत. म्हणजे माझं नाणं वेगळं दिसतं हा बचावच उरत नाही. सगळा खेळ हेतूवर.

हा कायदा १८६४ चा, यादवी युद्धातला. युद्ध सुरू झाल्यावर लोकांनी सोनंचांदी सोडाच, तांब्याचे सेंटसुद्धा दडवून ठेवले, सुट्टे मिळेनात, तेव्हा दुकानदारांनी आपापले तांब्याचे बिल्ले पाडले, त्यावर दुकानाचं नाव. असे लाखो बिल्ले फिरत होते. मग काही दुकानदार ते परत घेऊन पैसे द्यायला तयार होईनात आणि लोकांचे पैसे बुडायला लागले, म्हणून अमेरिकन काँग्रेसने (तिथल्या संसदेने) सगळ्यावरच बंदी आणली. १४३ वर्षांनी तेच कलम लिबर्टी डॉलरला लागलं.

आणि सरकारने एकदम धाड टाकली असंही नाही. सप्टेंबर २००६ मध्ये यूएस मिंटने (सरकारी टांकसाळीने) जाहीर इशारा दिला होता की ही पदकं (लिबर्टी डॉलरची नाणीच) चलन म्हणून वापरणं हा गुन्हा आहे असं न्यायखात्याचं मत आहे. नॉटहाउसने काय केलं, मार्च २००७ मध्ये उलट मिंटवरच दावा ठोकला. आणि त्यावर कडी म्हणजे त्याच वर्षी रॉन पॉल या टेक्सासच्या खासदाराचा चेहरा असलेली नाणी काढली. ते गृहस्थ तेव्हा रिपब्लिकन पक्षातून राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे होते आणि फेडरल रिझर्व्हचे कट्टर विरोधक. धाडीत ती दोन टन नाणी गेली ती हीच.

आपल्याकडेही काही वेगळं नाही हं. इंग्रजांनी १८८९ मध्ये मेटल टोकन्स ॲक्ट केला, चलन म्हणून वापरायला धातूचे तुकडे पाडायला बंदी. तो पुढे २०११ च्या कॉइनेज ॲक्टमध्ये विरघळला आणि बंदी त्यातही आहे. कागदाचं म्हणाल तर रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे मागताक्षणी धारकाला पैसे देईन असं वचन रिझर्व्ह बँक किंवा केंद्र सरकारखेरीज कोणी काढू शकत नाही. म्हणजे नॉटहाउसने हाच प्रकार पुण्यात केला असता तर नाणी आणि पावत्या, दोन्हीत अडकला असता.

शार्लटकर

मी नॉर्थ कॅरोलिनात शार्लटला राहते, आणि हा खटला आमच्याच भागात चालला, स्टेट्सव्हिलच्या फेडरल कोर्टात. शार्लटपासून उत्तरेला तासाभरात पोचतो तिथे. इंडियानाची संघटना, आयडाहोची टांकसाळ आणि खटला इथे का, तर अ‍ॅशव्हिल आणि आसपासच्या डोंगराळ भागात या नाण्यांचा प्रसार जोरात होता आणि तपास इथूनच झाला.

मार्च २०११ मध्ये निकाल लागला. खटला आठ दिवस चालला, ज्यूरीने दोन तासांच्या आत दोषी ठरवलं. नॉटहाउस तेव्हा ६७ वर्षांचा होता. सरकारने जप्तीत जवळपास १६,००० पौंड नाणी आणि धातू मागितला, किंमत सांगितली साधारण ७० लाख डॉलर. किलोत सव्वासात टन होतात!

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते सरकारी वकीलबाईंचं, अ‍ॅन टॉम्पकिन्स यांचं निवेदन. देशाच्या अधिकृत चलनाला सुरुंग लावण्याचे असे प्रयत्न म्हणजे देशांतर्गत दहशतवादाचाच एक आगळा प्रकार आहे, असं त्या म्हणाल्या. अहो, दहशतवाद? ज्याने कोणाला बोट लावलं नाही, ज्याच्या नाण्यावर फोन नंबर छापलेला आहे, ज्याने स्वतःहून सरकारवर दिवाणी दावा केला, त्याला दहशतवादी? सराफकट्टांनी सांगितलेली फसवणूक मी समजू शकते, तिला फसवणूकच म्हणा ना. शब्द असे वापरले की उद्या प्रत्येक सरकारविरोधी माणसाला तो शब्द चिकटवता येतो. आपण भारतीयांनी तरी याबाबतीत सावध असायला हवं.

अजून एक. आमच्या पश्चिम नॉर्थ कॅरोलिनातच रदरफर्डटन म्हणून गाव आहे, तिथे १८३१ पासून बेख्तलर नावाच्या जर्मन कुटुंबाने खाजगी टांकसाळ चालवली. कॅलिफोर्नियाच्या आधी सोनं इथे सापडत होतं आणि फिलाडेल्फियाच्या सरकारी टांकसाळीपर्यंत सोनं न्यायचं म्हणजे रस्त्यात लुटले जायची भीती. लोक खाणीतलं सोनं आणून द्यायचे, बेख्तलर आपला वाटा कापून नाणी पाडून द्यायचे. अमेरिकेतलं पहिलं सोन्याचं एक डॉलरचं नाणं सरकारने नाही, या बेख्तलरांनी पाडलं! सरकारला माहीत होतं, पण तेव्हा बंदीच नव्हती. सरकारने उत्तर कसं दिलं, तर डिसेंबर १८३७ मध्ये शार्लटलाच स्वतःची टांकसाळ सुरू केली. ती इमारत पुढे उचलून दुसरीकडे उभी केली, आता तिथे मिंट म्युझियम आहे. बेख्तलरांची नाणी मी काचेमागे बघितली आहेत, अगदी साधी, चित्र वगैरे काही नाही, नुसती अक्षरं. नाव, गाव, आणि किती ग्रेन वजन, किती कॅरट सोनं ते ठळक.

सराफकट्टा

बघा! ग्रेन आणि कॅरट. घेणाऱ्याला तिथल्या तिथे कळतं काय हातात आलं. डॉलरही लिहिलं असेल पण वजन आणि कस लपवलेला नाही.

नाणेवेडा

सराफकट्टा, लिबर्टी डॉलरवरही एक औंस, ९९९ असं कोरलेलं होतंच, त्यामुळे लपवलं असं नाही म्हणता येणार. फक्त ठळक काय होतं ते बघावं लागेल.

शार्लटकरताई, बेख्तलरांची माहिती जबरदस्त. काही जाणकार सांगतात की त्यांचं सोनं छापलेल्यापेक्षा जरासं कमीच भरायचं, तरी लोकांचा विश्वास होता आणि नाणी वर्षानुवर्षं चालली.

विदर्भवारा

मी सरकारच्या बाजूने बोलणार, चालेल ना? मला इथे बऱ्याच जणांचा सूर असा वाटतो की चांदी खरी म्हणजे चलन खरं. तसं नसतं हो. चलन म्हणजे समोरच्याने डोळे झाकून घेतलं पाहिजे. आपल्याच पेशवाईत बघा, खाजगी टांकसाळींना परवाने दिले होते, सोनार मंडळी रुपये पाडायची. झालं काय, तर हिणकस नाणी निघाली, प्रत्येक गावचा रुपया वेगळा, चांदवडी वेगळा, अंकुशी वेगळा, आणि सराफाकडे गेलं की प्रत्येकावर वेगळा बट्टा. शेतकऱ्याने सारा भरायला कोणता रुपया आणायचा हाच प्रश्न. परवाने रद्द करावे लागले, टांकसाळी बंद कराव्या लागल्या. कोल्हापूरचा माणूस नागपुरात आला तर आधी सराफा शोधायचा. एक देश एक नाणं ही साधी गोष्ट नाही, त्यामागे शेकडो वर्षांचा त्रास आहे. उद्या दहा नॉटहाउस निघाले, प्रत्येकाचा डॉलर वेगळा, तर गरीब माणूसच मरणार कारण त्याला कस लावता येत नाही.

भाऊ_नाशिककर

विदर्भवारा, एकदम पटलं. पण याची दुसरी बाजू म्हणजे चलन एकच असावं म्हणता म्हणता सरकार लोकांच्या घरातल्या धातूपर्यंत पोचतं, ते मी सांगतो. वयाने मोठा आहे म्हणून थोडं ऐकून घ्या.

५ एप्रिल १९३३, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टचा आदेश क्रमांक ६१०२. अमेरिकेतल्या प्रत्येकाने सोन्याची नाणी, लगडी, सर्टिफिकिटं १ मे पर्यंत बँकेत जमा करायची. माणशी १०० डॉलरचं ठेवता येईल, दागिने आणि दुर्मिळ नाणी वगळली. नाही दिलं तर १०,००० डॉलर दंड किंवा १० वर्षं तुरुंग. औंसाला २०.६७ डॉलरने कागदी पैसे दिले. आणि जानेवारी १९३४ मध्ये सरकारने भाव केला ३५! ज्यांनी इमानदारीने सोनं नेऊन दिलं त्यांच्या हातात जुन्या भावाचे कागद, आणि वरचा सगळा फायदा सरकारचा. सामान्य अमेरिकन माणसाला परत सोनं बाळगायची मुभा मिळाली ती थेट १९७४ च्या ३१ डिसेंबरला. चाळीस वर्षं! नॉटहाउससारखी माणसं आकाशातून पडत नाहीत, ही आठवण तिकडे घराघरात आहे.

आणि आपल्याकडे? जानेवारी १९६३, चीन युद्धानंतर, मोरारजीभाई अर्थमंत्री. सुवर्ण नियंत्रण. १४ कॅरटच्या वरचे दागिने घडवायचे नाहीत. आता १४ कॅरटमध्ये आपला कारागीर काय घडवणार, त्याचा हात २२ वर बसलेला, १४ चं सोनं कडक, तार ओढताना तुटते, आणि मंगळसूत्र १४ कॅरटचं घ्यायला कोण आई तयार होणार? देशभर लाखो सोनारांचं काम गेलं, आत्महत्या झाल्या, मोर्चे निघाले. कॅरटची अट काही वर्षांनी काढली पण १९६८ ला रीतसर कायदाच केला, साध्या माणसाला सोन्याची लगड ठेवता येणार नाही, सोन्याच्या नाण्यांवरही बंधनं, परवानाधारक सोनाराकडे १०० ग्रॅमच्या वर सोनं नको. परिणाम एकच झाला, दुबईहून चोरटं सोनं आणणाऱ्यांचे बंगले झाले. हा कायदा १९९० मध्ये गेला, आणि घालवला कोणी, तर तेव्हाचे अर्थमंत्री, आपल्या राजापूरच्या मधु दंडवत्यांनी. समाजवादी माणूस, पण त्यांनी बघितलं की या कायद्याने भरडला जातो तो छोटा कारागीर. हे नव्या पिढीला माहीतच नाही म्हणून मुद्दाम लिहिलं.

अनघा_क

भाऊकाका, खूप नवीन माहिती, १९९० पर्यंत सोन्याच्या नाण्यांवर बंधनं होती हे खरंच माहीत नव्हतं! माझ्या आजेसासूबाई नाण्यांना कडी लावून माळेत ओवायच्या, ते दागिना म्हणून दाखवता यावं म्हणून असेल का?

भाऊ_नाशिककर

पुतळ्यांची माळ तर आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून आहे गं. पण त्या काळात सुटी नाणी माळेत ओवून घेतली असतील तर नवल नाही.

नाणेवेडा

भाऊ, १९३३ ची गोष्ट आणि २००७ ची गोष्ट यात एक फरक नोंदवतो. १९३३ मध्ये जुन्या भावाने का होईना पण पैसे दिले होते. लिबर्टी डॉलरच्या पावतीवाल्यांना तेव्हा काहीच मिळालं नाही, मिळाली ती फक्त कोर्टात अर्ज करायची वाट.

आणि आता भाव बघा, कारण इथेच माझा जीव अडकतो. धाड पडली तेव्हा चांदी औंसाला १४-१५ डॉलर होती. समजा एखाद्याची १०० औंसाची पावती आहे, म्हणजे साधारण १४५० डॉलरचा माल. २००८ च्या मंदीत बँका बुडाल्या, लोकांच्या नोकऱ्या गेल्या, ज्या दिवसासाठी चांदी घेऊन ठेवली तोच दिवस आला, पण चांदी सरकारच्या गोदामात. २०११ च्या मार्चमध्ये निकाल लागला तेव्हा भाव ३५ च्या आसपास, एप्रिलमध्ये तर ४८ ला जाऊन आला. म्हणजे त्या पावतीवाल्याला साडेचार हजारांच्या वर मिळाले असते. विकता आली नाही. नॉटहाउसने निकालाविरुद्ध जो अर्ज केला त्याचा निर्णय यायला २०१४ चा नोव्हेंबर उजाडला, तोवर चांदी परत १६ च्या घरात. सात वर्षं! त्या माणसाचा गुन्हा काय होता? विदर्भवारा, तुमचं एक देश एक नाणं मी शंभर टक्के मानतो, चलन म्हणून खपवणं बंद करा, साचे जप्त करा, संघटना बंद करा. पण पावतीवर नाव आहे, नंबर आहे, हिशोबाच्या वह्या तुमच्याच ताब्यात आहेत, तर सहा महिन्यांत ज्याची त्याची चांदी त्याला द्या, हवं तर नाणी वितळवून लगड करून द्या, म्हणजे चलनाचा प्रश्नच मिटला.

विदर्भवारा

वितळवून देणे, हा तोडगा मला मान्य आहे. पण व्यवहारात त्यात एक अडचण दिसते. पावत्या हस्तांतरणीय होत्या ना, म्हणजे नोटेसारख्या हातोहात फिरायच्या. मग ज्याचं नाव वहीत आहे तो आणि आज ज्याच्या हातात पावती आहे तो एकच असेल असं नाही. एवढ्या लोकांची शहानिशा करायची म्हणजे सरकारला वेळ लागणारच.

दिवाणी_फौजदारी

हो, आणि कायद्याने अशी वाट असते. फौजदारी जप्तीत तिसऱ्या पक्षाला कोर्टात अर्ज करता येतो की हा माल माझा आहे. या प्रकरणातही बऱ्याच लोकांनी असे अर्ज केले. पण शे-दोनशे डॉलरच्या चांदीसाठी दुसऱ्या राज्यातल्या फेडरल कोर्टात कोण वकील देणार? वकिलाची एका तासाची फीच तेवढी होते. त्यामुळे हक्क कागदावर असतो आणि वापरणं परवडत नाही, आणि लहान रक्कम असलेला माणूस आपोआप गळतो. मला विचाराल तर धागाकर्त्यांच्या मुद्द्यातलं खरं दुखणं इथे आहे. आपल्याकडे चिटफंड आणि पतसंस्थांच्या बाबतीत हेच होतं. घोटाळेबाजाची मालमत्ता जप्त झाली अशी बातमी पहिल्या पानावर येते, ठेवीदार फॉर्म भरून, पासबुकाच्या झेरॉक्स जोडून वर्षानुवर्षं बसलेले असतात, आणि लिलाव होऊन पैसे येईपर्यंत त्यातले काही जण हयातही नसतात.

अनघा_क

आता प्रॅक्टिकल प्रश्न. माझा भाऊ न्यू जर्सीला आहे, तो दर महिन्याला चांदीचे एक औंसाचे गोल तुकडे घेऊन ठेवतो, खाजगी टांकसाळीचेच असतात. हा धागा वाचून मला टेन्शन आलंय. त्याला काही प्रॉब्लेम येईल का?

दिवाणी_फौजदारी

काही नाही येणार, निर्धास्त राहा. अमेरिकेत चांदी बाळगणं, खरेदीविक्री करणं पूर्ण कायदेशीर आहे. तिकडे त्या तुकड्यांना राउंड म्हणतात, त्यांच्यावर वजन आणि शुद्धता असते, डॉलरचा आकडा नसतो. स्वतः सनशाइन मिंटही असे राउंड पाडते. आकडा असलेलं हवं असेल तर सरकारी सिल्व्हर ईगल घ्यायचं, त्यावर १ डॉलर छापलेलं असतं आणि चांदी त्याच्या कितीतरी पट किमतीची, त्यामुळे ते एक डॉलरला कोणी खपवायला जात नाही. फक्त दोन गोष्टी सांगा त्याला. एक, माल शक्यतो स्वतःच्या ताब्यात किंवा बँकेच्या लॉकरला, विकणाऱ्याच्याच तिजोरीत ठेवायचा नाही. दोन, सरकार १९३३ सारखं परत काढून घेणार, म्हणून ही जुनी दुर्मिळ नाणी चढ्या भावाने घ्या, असं सांगणारे विक्रेते तिकडे फोन करत असतात. त्यांच्या नादी लागायचं नाही.

शार्लटकर

+१, ते फोन आम्हालाही येतात, आणि टार्गेट बहुतेक वयस्कर माणसं.

शिक्षेचं राहिलं, तेवढं लिहून टाकते. सरकारी पक्षाने बरीच वर्षं तुरुंगवास मागितला होता. डिसेंबर २०१४ मध्ये न्यायाधीश रिचर्ड व्हूरहीस यांनी प्रत्यक्षात दिलं काय, तर ३ वर्षं प्रोबेशन (तुरुंगाऐवजी कोर्टाच्या देखरेखीखाली राहणं) आणि त्यातले पहिले ६ महिने घरात नजरकैद. एक दिवसही तुरुंग नाही. ज्याला दहशतवादाच्या रांगेत बसवलं त्याला ही शिक्षा, यावरून त्या निवेदनात किती तथ्य होतं ते समजा.

सराफकट्टा

शिक्षा योग्यच वाटते मला. माणूस ध्येयवेडा होता, पण ज्यांच्या गल्ल्यात ती नाणी अडकली त्यांचं नुकसान झालंच. आणि नाणेवेडा, पावतीवाल्यांबद्दल तुमचं म्हणणं मला मान्य आहे, ठेवलेला माल ज्याचा त्याला मिळालाच पाहिजे.

नाणेवेडा

आभार मंडळी. दिवाणी_फौजदारी यांनी चिटफंडांचा मुद्दा काढला त्यावर वेगळा धागा व्हायलाच हवा, ठेवीदारांनी अर्ज कुठे आणि कसा करायचा, कोणते कागद जपून ठेवायचे, हे कोणीतरी नीट लिहा. वकीलसाहेब, तुम्हीच मनावर घ्या. आणि रॉन पॉल यांनी डिसेंबर २००७ मध्ये, म्हणजे धाडीनंतर महिन्याभरातच, खाजगी चलनावरची बंदी उठवायचं विधेयक आणलं होतं, ते पुढे सरकलं नाही. त्यातल्या कलमांवर कुणाला बोलायचं असेल तर इथेच लिहा, धागा चालू आहे.